पदकामागची माणसं

खाशाबा जाधव हे नाव आपण शाळेत ऐकलं. त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या माणसांबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही.

कराडजवळच्या गोळेश्वरचे दादासाहेब जाधव स्वतः पैलवान होते. १९२६ साली जन्मलेले खाशाबा हे त्यांचं सर्वांत धाकटं अपत्य. कुस्तीचे पहिले धडे त्यांना वडिलांनीच दिले. पुढे कराडचं टिळक हायस्कूल आणि कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, मातीत वाढलेला हा पैलवान गादीवर लढून सहावा आला.

१९५२ला हेलसिंकीला जायचं, तर पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. पोरगं हरून आलं असतं तर? तरीही त्यांनी दिले. खाशाबांनी ब्राँझपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढून ते कर्ज फेडलं.

पदकाची नोंद राहते, गहाण घराची राहत नाही. खापरसारख्या गावातही शाळा सुटल्यावर मैदानावर थांबणारे सर असतात, पोरांच्या बुटांसाठी खिशात हात घालणारे पालक असतात. निकालपत्रकात त्यांची नावं सापडत नाहीत. मित्रमैत्रिणींनो, ज्याला जे नाव आठवेल ते त्याने लिहून ठेवावं. हे काम आपल्यालाच करावं लागेल.