आमची कोठेही शाखा नाही : छोट्या दुकानाच्या संकेतस्थळाचा पूर्वेतिहास

महाराष्ट्रातील छोट्या दुकानदाराला आपली ओळख गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवण्यासाठी जी साधने एकामागून एक मिळत गेली, त्यांत संकेतस्थळ हे सर्वांत अलीकडचे असले, तरी त्याच्याकडून ज्या कामांची अपेक्षा केली जाते ती कामे फार जुनी आहेत. पेंटरकडून रंगवून घेतलेल्या दुकानाच्या पाटीवर मालाचे नाव, प्रोप्रायटरचे नाव, स्थापनेचे साल आणि साप्ताहिक सुट्टीचा वार एवढा मजकूर असे, आणि दुकानाचा लौकिक झालेला असल्यास त्याखाली 'आमची कोठेही शाखा नाही' ही ओळ येई. या ओळीची पुणेरी अहंकार म्हणून थट्टा पुष्कळ झाली, परंतु तिचा मूळ हेतू बचावाचा होता. चार घरे सोडून त्याच नावाने, किंवा नावाच्या आधी 'नवे' अथवा 'ओरिजिनल' जोडून, दुसरे दुकान निघण्याची धास्ती तिच्यामागे होती. आपण कोण, कोठे व केव्हा भेटू आणि आपल्या नावावर दुसरा कोणी धंदा करत नाही ना, हे प्रश्न पाटीने अशा रीतीने एकाच फळीवर सोडवले होते.

छापील जाहिरातीने पाटीची हाक गल्लीच्या बाहेर नेली, मात्र तेथील जागा दुसऱ्याच्या मालकीची होती. गिरगावात 1905 मध्ये बी. दत्ताराम आणि कंपनी ही जाहिरात संस्था सुरू झाली, 1909 मध्ये का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला, आणि पुढे दिवाळी अंकांची परंपरा मोठ्या प्रमाणावर जाहिरातींच्याच आधारावर उभी राहिली. या व्यवस्थेत दुकानदार जागेचे भाडे भरी, आणि अंक रद्दीत गेला की त्याची हाकही थांबे. स्वतःचेच प्रकाशन काढून गिऱ्हाइकाशी थेट बोलण्याचा प्रयोग किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' काढून केला. ग्राहकांसाठीचे हे पत्रक वाढत जाऊन मराठीतले एक महत्त्वाचे मासिक झाले. अशी ऐपत कारखानदाराची असली, तरी किराणा दुकानदाराची किंवा शिंप्याची नव्हती. त्यांच्या वाट्याला टेलिफोन डिरेक्टरीतली ओळ आली, आणि 1996 मध्ये मुंबईत जस्ट डायल सुरू झाल्यावर फोनवरून पत्ता सांगणारी माणसे आली.

त्याच्या आदल्याच वर्षी, 15 ऑगस्ट 1995 रोजी, विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली होती. टेलिफोनच्या तारेवरून मोडेम नावाच्या यंत्राने जोडणी करावी लागे व तिचा वेग अत्यंत मंद असे, त्यामुळे गिऱ्हाईक स्वतः संगणकावर नसताना दुकानदाराने संकेतस्थळ कोणासाठी उभारावे, हा प्रश्न रास्तच होता. ज्यांनी ते तरीही उभारले त्यांना दोन गोष्टी विकत घ्याव्या लागत : एक 'होस्टिंग', म्हणजे मजकूर ज्या संगणकावर साठवायचा त्यावरील जागा, आणि दुसरी 'डोमेन', म्हणजे त्या जागेचा नावाने ओळखला जाणारा पत्ता. भारताचा 'डॉट इन' हा प्रत्यय 1989 पासून अस्तित्वात होता व त्याची नोंदवही पुढे मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती, परंतु नियम इतके काटेकोर होते की 2004 अखेरपर्यंत सुमारे सात हजारच नावे नोंदली गेली. साहजिकच छोट्या व्यावसायिकाने परदेशी 'डॉट कॉम' जवळ केले. 2005 मध्ये 'डॉट इन'ची नोंदणी खुली झाली, तेव्हा आधी व्यापारचिन्हांच्या मालकांना संधी देऊन मग 16 फेब्रुवारीपासून ती सर्वांना मिळाली. याच व्यवस्थेत 'डॉट फर्म डॉट इन' हा उपप्रत्यय दुकाने, भागीदारी पेढ्या आणि एकमालकी व्यवसाय यांच्यासाठी खास राखलेला होता. गुमास्ता परवाना असलेल्या दुकानाला राष्ट्रीय नोंदवहीत स्वतंत्र रकाना देणारी ही तरतूद कागदावर मोठी समंजस होती. दुकानदारांनी मात्र तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

नावाची जुनी धास्ती नव्या पत्त्याबरोबरही आलीच. एक डोमेन जगात एकालाच मिळत असल्याने 'शाखा नाही' हे विधान आता यंत्रणाच करीत होती, पण एखादे अक्षर बदलून फसवे नाव घेणे शक्य होते. मुंबई उच्च न्यायालयाने 1999 मध्ये रेडिफच्या दाव्यात 'रॅडिफ' या नावाला मनाई करताना डोमेन हा निव्वळ पत्ता नसून व्यापारचिन्हाइतकेच संरक्षण त्याला मिळाले पाहिजे असे मानले, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात हेच तत्त्व देशभरासाठी पक्के केले.

यापेक्षा अधिक गुंतागुंतीचा आणि मराठी दुकानाच्या दृष्टीने अधिक नुकसानकारक भाग लिपीचा होता. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही सांकेतिक प्रणाली 1991 मध्ये राष्ट्रीय मानक झाली होती, तरी डीटीपी, म्हणजे संगणकावरील अक्षरजुळणी, करणारी दुकाने निरनिराळ्या कंपन्यांचे फॉन्ट वापरीत आणि प्रत्येक फॉन्टची संकेतरचना वेगळी असे. हे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवून फसवणूक करीत; पडद्यावर 'पैठणी' दिसे, परंतु संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे व विरामचिन्हे यांची अर्थहीन माळ असे. व्हिजिटिंग कार्ड आणि बिलबुक ज्याच्याकडे छापले त्याच्याकडूनच येवल्याच्या एखाद्या विणकराने संकेतस्थळ करून घेतले, तर ते पाहणाऱ्याच्या संगणकावर तोच फॉन्ट नसल्यास कचरा उमटे. यावर दोन तोडगे निघाले. पानाबरोबर फॉन्टही पाठवणारे 'डायनॅमिक फॉन्ट' वृत्तपत्रांनी स्वीकारले, तर लहान व्यावसायिकांसाठी मजकुराचे चित्र करून चिकटवणे सोपे ठरले. चित्र सर्वांना दिसे खरे, पण शोधयंत्राला, म्हणजे शब्दावरून पाने धुंडाळणाऱ्या यंत्रणेला, त्यातले अक्षरही वाचता येत नसे. जगातील सर्व लिप्यांना एकच क्रमांकयोजना देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून होती आणि विंडोज 2000 मध्ये 'मंगल' या फॉन्टसह ती सामान्य संगणकावर आली. तरीही छपाईच्या धंद्यातले जुने फॉन्ट पुढे अनेक वर्षे हटले नाहीत. त्यामुळे ज्या काळात संकेतस्थळ स्वस्त होत होते, नेमक्या त्याच काळात मराठी दुकानाने इंग्रजीत बोलायचे ठरवले, आणि या निर्णयाला न्यूनगंडाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, ही तांत्रिक अडचण कारणीभूत होती असे म्हणणे योग्य ठरेल.

मजकुराच्या बाबतीत पहिल्या दशकातली संकेतस्थळे पाटीपेक्षा मागे गेली. सरकणाऱ्या ओळी, भेटींचा आकडा दाखवणारी मोजपट्टी, आणि फ्लॅश नावाच्या तंत्राने केलेली, आत शिरण्यापूर्वी सक्तीने पाहावी लागणारी चित्रफीत, एवढा थाट असे. दुकान दुपारी बंद असते का, हे मात्र शेवटपर्यंत कळत नसे. हा दोष दुकानदारापेक्षा बनवणाऱ्याचा अधिक, कारण त्याला गिऱ्हाइकाला वाट दाखवण्यापेक्षा मालकाला खूश करायचे होते. मोबाईलने हा थाट मोडून काढला. एप्रिल 2015 पासून गुगलने मोबाईलवर नीट न दिसणारी पाने मोबाईलवरील शोधात खाली ढकलली, सप्टेंबर 2016 मध्ये जिओने स्वस्त इंटरनेट आणले, आणि तळहाताएवढ्या पडद्यावर पत्ता, वेळ, दर व फोन क्रमांक हा पाटीचाच मजकूर पुन्हा वर आला.

देवनागरीतला 'डॉट भारत' हा प्रत्यय ऑगस्ट 2014 मध्ये मराठीसह अनेक भाषांसाठी खुला झाला, तरी बाजारात त्याचे चलन वाढले नाही. दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत असावी, अशी सक्ती राज्याने 2022 मध्ये दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांवरही लागू केली, व सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ही तरतूद दुकानावरच्या फलकापुरती आहे.

दरम्यान फुकट संकेतस्थळांनी मालकीचा प्रश्न नव्याने उभा केला. नोव्हेंबर 2011 मध्ये गुगलने भारतातील छोट्या व्यवसायांना एक वर्षासाठी मोफत संकेतस्थळ व 'डॉट इन' नाव देणारी मोहीम काढली होती. 2017 मध्ये तिच्या पुढचे पाऊल म्हणून मोबाईलवरूनच काही मिनिटांत पान तयार करण्याची सोय आली, इंग्रजीबरोबर काही भारतीय भाषांतही. हा पत्ता बहुधा 'डॉट बिझनेस डॉट साइट' असा संपे, म्हणजे दुकान ज्याचे त्याचे असले तरी वाडा गुगलचा होता. मार्च 2024 मध्ये ही पाने बंद करण्यात आली आणि त्यांवर येणाऱ्यांना नकाशावरील नोंदीकडे वळवण्याची व्यवस्थाही जूनमध्ये थांबली. वर्षाला काहीशे रुपये भरून ज्यांनी स्वतःचे डोमेन राखले होते, त्यांना तेच नाव दुसऱ्या पानाकडे वळवता आले. ज्यांनी तो फुकटचा पत्ता बिलबुकावर आणि कापडी पिशव्यांवर छापून घेतला होता, त्यांच्यासाठी छापील पत्ता तेवढा उरला.