कोकोचा केक आणि खापराचे मांडे



शहाद्याच्या एखाद्या घरी धाकट्या भावाचा वाढदिवस असला, म्हणजे थोरली बहीण सकाळीच किराणा दुकान गाठते. मैदा, साखर, खायचा सोडा आणि कोकोची एक लहानशी डबी घेऊन ती येते. पाककृतीचे पुस्तक उघडून ते डब्याला टेकवून उभे करते. कुकरची शिट्टी काढते, तळाला मीठ पसरते आणि दुपारपर्यंत घरभर असा काही वास सुटतो, की शेजारची पोरे दारात येऊन उभी राहतात. आजी ओट्यावरून विचारते, "हाई काय शे वं, पोरी?" नात म्हणते, "आजी, चॉकलेटचा केक."

उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. आजीच्या त्या साध्या प्रश्नाला इतिहासाने द्यावयाचे उत्तर बरेच लांबलचक आहे. ते आज आपण थोडक्यात पाहू. शिक्षकमित्रांना तर मी म्हणेन, की एका केकच्या तुकड्यावर भूगोल, इतिहास आणि रसायन असे तिन्ही तास घेता येतील.

प्रथम आपल्याच शिवारात डोकावू. शहाद्याच्या शेतांतून पपईच्या बागा दिसतात. नंदुरबारच्या बाजारात लाल मिरचीचे ढीग लागतात. ही दोन्ही पिके आपल्याला आपली वाटतात. पण पपई काय नि मिरची काय, दोघींचे माहेर अमेरिका खंड! पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोकांच्या जहाजांमुळे त्या इकडे आल्या आणि इथल्या मातीत रुजल्या. त्यांचेच तिसरे भावंड म्हणजे कोको.

आज ज्याला आपण मेक्सिको म्हणतो, तेथील लोक कोकोच्या बिया भाजून, वाटून त्यांचे पेय करीत. ते गोड नव्हते हो! कडू असे, आणि त्यात मिरचीही घालीत. या बियांचे मोल एवढे, की बाजारात त्या नाण्यांसारख्या चालत. १५१९ साली कोर्तेस हा स्पॅनिश सरदार तिकडे उतरला आणि १५२१ साली अझ्टेकांची राजधानी पडली. राज्य गेले, आणि त्याबरोबर त्यांचे पेयही जेत्यांच्या हाती लागले.

मग मिरची आपल्या ताटात घरची झाली, पपई बांधावर आली, आणि कोको तेवढा परका का राहिला? कारण सरळ आहे. मिरची एका हंगामाचे पीक. जेथे पेराल तेथे येते. कोकोच्या झाडाला मात्र वर्षभर दमट हवा लागते, सावली लागते, आणि विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे वीस अंशांपर्यंतचाच पट्टा त्याला मानवतो. आपले शहादे त्या पट्ट्याच्या किंचित उत्तरेस. त्यात खानदेशचा वैशाखवणवा. कोकोचे रोप येथे तग धरील कसे?

आता साखरेकडे वळू. येथे गंमत उलटी आहे. उसाच्या रसापासून खडे बांधण्याची विद्या आपल्या देशात फार जुनी. आपला 'शर्करा' हा शब्द इराण, अरबस्तान करीत युरोपात पोहोचला आणि तिकडच्या भाषांतून साखरेचे नाव होऊन बसला. १४९३ साली कोलंबसाने दुसऱ्या सफरीत ऊस अमेरिकेच्या बेटांवर नेला. पुढे तेथे मळे उठले. त्या मळ्यांत राबायला आफ्रिकेतून माणसे साखळदंडात बांधून आणली. अशा रीतीने आपल्याकडचा ऊस आणि मेक्सिकोचा कोको यांची गाठ पडली, ती गुलामांच्या घामात. कडू पेय गोड झाले, पण ते प्यायले कोणी? युरोपातल्या राजवाड्यांनी आणि सरदारांनी.

सामान्य माणसाच्या हाती ते यायला यंत्र लागले. १८२८ साली हॉलंडमध्ये व्हॅन हौटेन या घराण्याने कोकोच्या बिया दाबून त्यांतील स्निग्धांश, म्हणजे कोकोचे लोणी, वेगळे काढण्याच्या रीतीचे हक्क मिळवले. मागे उरलेल्या पेंडीची भुकटी केली, की ती झाली आपल्या डबीतली कोको पावडर. त्याच घराण्याने तिच्यावर क्षारांची प्रक्रिया केली, तेव्हा रंग गडद झाला आणि आंबटपणा उतरला. १८४७ साली इंग्लंडात ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने कोको, साखर आणि ते काढलेले लोणी पुन्हा एकत्र करून खायची वडी केली. तेथून चॉकलेट पेल्यातून निघून हातात आले.

हे झाले कोकोचे. पण केक भाजायला भट्टी लागते, तिचे काय? कोरड्या आचेवर भाजण्याची कला आपल्याला काही नवी नाही. खापराचे मांडे करणारी आपली खानदेशी माउली पाहा. कणकेत पुरण भरून ती पोळी दोन्ही हातांवर खेळवीत खेळवीत परातीएवढी करते आणि पालथ्या खापरावर अलगद टाकते. तिच्यापाशी ना वजन, ना माप. "हात बसला पाहिजे," एवढेच तिचे शास्त्र. पण वरून, खालून आणि चारही बाजूंनी सारखी आच देणारी बंद भट्टी ही पश्चिम किनाऱ्यावर फिरंग्यांच्या वखारींबरोबर आली. आपल्या तापीच्या मुखाशी सुरत. तेथे डच व्यापाऱ्यांच्या भट्ट्या होत्या. ते गेल्यावर पारशी कारागिरांनी त्या चालवल्या आणि त्यांतूनच सुरतेची नानखटाई निघाली, असे सांगतात. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातून सुरत-भुसावळ रेल्वे सुरू झाली. नंदुरबार त्या वाटेवरचे स्टेशन. सुरत आणि आपला मुलूख त्या रुळांनी जोडला गेला.

मात्र भट्टीतला जिन्नस गावात येणे आणि घरात येणे यांत मोठे अंतर होते. पाव-बिस्किट खाल्ले म्हणजे माणूस बाटला, असे समजण्याचे ते दिवस. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. सभेनंतर चहा-बिस्किटे पुढे आली. हजर मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. पुढे नावे छापून आली आणि केवढे ग्रामण्य माजले! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्तांचा वाद वर्षानुवर्षे चालला. एवढे थोर पुरुष, आणि एका बिस्किटासाठी त्यांना जबाब द्यावा लागला. आज आपली मुले शाळेच्या वाटेवर बिस्किटाचा पुडा फोडून चौघांत वाटून घेतात. त्यांत कोण कोणाचा, हे कोणी विचारीत नाही. ही मजल थोडी का आहे?

अशी बंधने सैल करायला एका मुकाट्याने काम करणाऱ्या वस्तूची मदत झाली. ती वस्तू म्हणजे पाककृतीचे पुस्तक. पूर्वी स्वयंपाकाची विद्या सासूकडून सुनेला मिळायची, तीही तिची मर्जी असेल तर. एका जातीच्या चुलीवरचे दुसरीला कळत नसे. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' निघाले आणि मराठीत स्वयंपाक छापला गेला. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' लिहिले. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले. त्यांनी एक मोठे शहाणपण केले. तोळे-मासे, शेर-पावशेर यांच्या नादी न लागता घरातली वाटी आणि चमचा हेच माप धरले. माप घरातलेच झाले, म्हणून हात न बसलेल्या नवख्या मुलीलाही धीर आला. ज्या मुलीला वाचता येते, तिला कोणाच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही, हे त्या पुस्तकांनी दाखवून दिले.

आता त्या वाढदिवसाच्या केककडे परत येऊ. दूध, लोणी, अंडी यांची टंचाई असलेल्या महामंदीच्या आणि महायुद्धाच्या दिवसांतली म्हणून अमेरिकेत एक कृती ओळखली जाते. ज्यांच्या घरी अंडे चालत नाही, त्यांना ती फार सोयीची. दीड वाटी मैदा, एक वाटी साखर, पाव वाटीला किंचित कमी कोको, एक लहान चमचा सोडा, चिमूटभर मीठ. हे चाळून घ्यावे. त्यात वाटीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जरा अधिक तेल, एका लिंबाचा रस आणि एक वाटी पाणी घालून गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळावे. वाटी चहाच्या मोठ्या कपाएवढी धरावी. वाटी लहान असेल, तर सोडाही त्या मानाने कमी करावा. कुकरची शिट्टी आणि रबर काढून, तळाला मीठ पसरून, वर जाळी ठेवून दहा मिनिटे कोरडा तापवावा. पाणी मुळीच घालू नये. मग तेल लावलेल्या भांड्यात मिश्रण ओतून मंद आचेवर पाऊण तास ठेवावे. सुरी खुपसून कोरडी निघाली, की झाले.

शिक्षकांनी येथे मुलांना विचारावे: लिंबू कशाला? सोडा हा क्षार आणि लिंबाचा रस आम्ल. दोघे भेटले, की कर्बवायूचे बुडबुडे उठतात आणि केक फुगतो. म्हणून मिश्रण करून ठेवून गप्पा मारीत बसू नये. बुडबुडे निघून गेले, की केक दगडासारखा बसतो. काही कोकोंचा आंबटपणा कारखान्यातच काढलेला असतो, हे वर सांगितलेच आहे. तसा कोको सोड्याला साथ देत नाही, तेथे लिंबाशिवाय गत्यंतर नाही. गरिबाच्या घरी एक वाटी साखर फुकट गेली तर दिवसभर रुखरुख लागते. कृतीतले कारण कळले, म्हणजे ते नुकसान टळते.

शेवटी एक गोष्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची. गोडाचा इतिहास हा हिश्श्याचा इतिहास आहे. जगातला निम्म्याहून अधिक कोको आज पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तेथे कोवळी मुलेही त्या कामाला जुंपली जातात. आपल्याकडेही ऊस तोडणाऱ्याच्या मुलाची शाळा हंगामाबरोबर सुटते. पण चित्राला दुसरी बाजूही आहे. पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकाराने पुरुषोत्तमनगरला सातपुडा-तापी परिसराचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तिकडे कर्नाटकात कोकोचे दर कोसळले, तेव्हा बागायतदारांच्या सहकारी संस्थेने खरेदी हाती घेतली आणि १९८६ साली पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना काढला. पिकवणाऱ्याने कारखान्यात हिस्सा मिळवला, ही मोठी गोष्ट झाली. आणि राबणाऱ्याचा हिस्सा? तो प्रश्न याच शहाद्यात १९७२ पासून श्रमिक संघटनेच्या भूमिहीन आदिवासी बंधुभगिनींनी मोठ्याने विचारला. तो अजून पुरता सुटलेला नाही.

तेव्हा पुढच्या वाढदिवसाला आजीने पुन्हा "हाई काय शे?" असे विचारले, तर नातीने जवळ बसून हे सारे तिला सांगावे. आणि आजीकडून खापराचे मांडे कसे करतात, ते मापासकट वहीत उतरवून घ्यावे. केकची कृती शेकडो पुस्तकांत सापडेल. आजीच्या हाताचे माप मात्र लिहून ठेवले नाही, तर तिच्याबरोबरच जाईल. आणि केक कापताना पहिला तुकडा भावाला द्या, पण दारात उभ्या असलेल्या पोरांना विसरू नका.