मोडशीचा जंतु आणि पुराव्याची कसोटी

जुनीं दप्तरें चाळतांना मोडशी, पटकी, जरीमरी, वाखा हे शब्द वारंवार आढळतात. त्यांवरून अमुक सालीं अमुक गांवीं कॉलरा होता असें टिपण करून पुढें जाण्याची आपणांस संवय पडली आहे. हा निष्कर्ष इतका सुलभ आहे काय, हें पाहण्यासाठीं त्या रोगाच्या कारणाचा शोध कसकसा लागत गेला तें आम्ही येथें कालक्रमानें मांडीत आहों. कागद सांपडणें निराळें व त्यावरून गोष्ट सिद्ध होणें निराळें, हा भेद आमच्या वाचकांस नवा नाहीं. जंतुशास्त्रज्ञांस मात्र तो मोठ्या कष्टानें शिकावा लागला.

मोडशी हा शब्द गोव्यावरून युरोपांत गेला. पोर्तुगीजांनीं त्याचें मोर्देशीं केलें व फ्रेंचांनीं त्यास 'मोर द श्यां' म्हणजे कुत्र्याचें मरण असें रूप दिलें. गास्पार कोर्रैया यानें आपल्या बखरींत इ. स. १५४३ च्या गोव्यांतील सांथीचें वर्णन केलें आहे. गव्हर्नराच्या हुकुमानें एक प्रेत चिरून पाहिलें, तों जठर आखडून सुरकुतलेलें आढळलें, यापलीकडे विशेष कांहीं दिसलें नाहीं, असें तो सांगतो. गार्सिया द ओर्ता यानेंहि इ. स. १५६३ त गोव्यांत छापलेल्या आपल्या संवादग्रंथांत या रोगाचा विचार केला आहे. रोग शरीरांत काय करतो हें प्रत्यक्ष पाहण्याचा हा आपल्याकडील जुना प्रयत्न होय. तो निष्फळ कां झाला हें पुढें दिसून येईल.

इ. स. १८५४ त फ्लॉरेन्स येथें फिलिप्पो पाचिनी यानें या रोगानें मेलेल्यांच्या आंतड्यांत सूक्ष्मदर्शकाखालीं असंख्य जंतु पाहिले व तें छापून प्रसिद्ध केलें. परंतु त्याच्या लेखाकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं. तो १८८३ त वारला आणि त्याच वर्षीं रॉबर्ट कॉख आलेक्झांड्रियास जाऊन पुढें कलकत्त्यास आला. तेथें १८८४ च्या आरंभीं त्यानें स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतु शुद्ध स्वरूपांत वाढविला व एका तळ्याच्या पाण्यांतहि तो शोधून काढला. जंतूच्या शास्त्रीय नांवास पाचिनीचें नांव व १८५४ हें साल अधिकृतपणें जोडलें गेलें तें १९६५ त. प्रसिद्ध झालेला कागदहि कसा दडून राहतो, याचें याहून बोलकें उदाहरण क्वचितच मिळेल.

कॉखची खरी अडचण पुढेंच होती. जंतु रोग्याजवळ सांपडला, एवढ्यानें तो कारण ठरत नाहीं. तो निरोगी प्राण्यास देऊन तोच रोग उत्पन्न करून दाखविला पाहिजे. पण जनावरांस हा रोग होईना. म्यूनिकच्या पेटेनकोफर यास जंतु हें पुरेसें कारण आहे हें मान्यच नव्हतें. ७ ऑक्टोबर १८९२ रोजीं, वयाच्या ७३ व्या वर्षीं, त्यानें जंतूंचें पाणी स्वतः प्राशन केलें. त्यास किरकोळ जुलाब झाले. मळांत जंतु निघाले. तरी तो बचावला. एकाच प्रसंगाचा दोन्ही पक्षांनीं आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून उपयोग केला! जठरांतील आम्ल पुष्कळ जंतु मारतें, व तें कमी असेल तर थोडे जंतुहि पुरतात, हें पुढें स्वयंसेवकांवरील प्रयोगांनीं कळलें.

ही कोंडी कलकत्त्यासच फुटली. डॉ. शंभुनाथ डे यांनीं सशाच्या आंतड्याचा तुकडा दोन्हीं टोकांस बांधून त्यांत जंतु घातले. तो तुकडा पाण्यानें तट्ट फुगला. हें १९५३ त प्रसिद्ध झालें. १९५९ त त्यांनीं जंतु गाळून काढलेल्या द्रवानेंहि तेंच घडतें असें दाखविलें. म्हणजे घात करतें तें जंतूचें विष. हें विष आंतड्याची भिंत फाडीत नाहीं. पेशींचें नियमन बिघडवून क्षार व पाणी बाहेर लोटावयास लावतें. प्रेतांत दिसणारी आंतड्याची झीज पूर्वीं रोगाची मानीत, ती मरणोत्तर होती. गोव्यांतील प्रेत बोललें नाहीं तें याचमुळें. शिवाय त्या विषाचें बीज मूळ जंतूचें नसून त्यांत शिरलेल्या एका विषाणूनें आणलेलें आहे, हें १९९६ त उघड झालें.

भिंत शाबूत असल्यामुळें साखर व मीठ एकत्र दिल्यास पाणी आंत शोषलें जातें. १९७१ त बनगांव येथील निर्वासितांच्या छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं साखर-मिठाचें पाणी पाजून असंख्य प्राण वांचविले. कारणाचा नेमका शोध केवळ पांडित्याचा विषय नाहीं, तो असा.

आतां आपल्या कागदांकडे वळूं. मोडशी हा शब्द साध्या अजीर्णासहि लावतात. जरीमरी हें देवतेचेंहि नांव आहे. यास्तव संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, मूळ शब्द बदलून 'कॉलरा' असें लिहूं नये. किती दिवसांत किती माणसें गेलीं, ढाळ व वांती यांचें वर्णन काय, पाणवठा कोणता, ऋतु कोणता, हें कागदांत असेल तसें उतरून घ्यावें. प्रत्यक्ष जंतु हातीं असतांहि शास्त्रज्ञांस पाऊणशें वर्षें निकाल देतां आला नाहीं. एका शब्दावरून तो आपण एका ओळींत देणें योग्य नव्हे.