थंड इंजिनातील ठोका

थंड इंजिनातील ठोका म्हणजे काही तास बंद असलेले मोटारगाडीचे इंजिन सुरू करताच ऐकू येणारा टकटक, खटखट किंवा खडखड असा आवाज होय. काही ठोके निरुपद्रवी असतात, तर काही इंजिन निकामी होण्याची पूर्वसूचना देतात. आवाज किती वेळाने थांबतो, ही दोहोंतील भेद ओळखण्याची मुख्य खूण आहे. पेट्रोलच्या अवेळी ज्वलनामुळे होणारे नॉकिंग यापेक्षा वेगळे असून ते बहुधा इंजिन तापल्यावर, चढावर किंवा भार असताना ऐकू येते.

कारणे

वंगणतेलाचा अभाव : गाडी उभी असताना तेल खाली उतरून तळटाकीत जमा होते. तेलाच्या फिल्टरमधील परतरोधक झडप बिघडली असल्यास फिल्टरही रिकामा होतो. त्यामुळे पहिल्या काही सेकंदांत टॅपेट किंवा टायमिंग चेनचा ताणक यांना तेलाचा दाब मिळत नाही व खडखड होते.

पिस्टनचा आघात : अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे उष्णतेने होणारे प्रसरण बिडाच्या जवळपास दुप्पट असते. त्यामुळे बिडाच्या सिलिंडरमधील पिस्टन थंड असताना अधिक सैल असतो व सिलिंडरच्या भिंतीवर आदळतो. इंजिन तापत जाते तसा हा बोदा आवाज कमी होतो.

डिझेलचा विलंबित पेट : थंड सिलिंडरमध्ये डिझेल पेट घेण्यास अधिक वेळ लागतो आणि साचलेले इंधन एकदम जळते. पांढरा धूर व कर्कश आवाज सोबत असल्यास ग्लो प्लग तपासावे लागतात.

बेअरिंगची झीज : कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजल्यास खोल, जड ठोका ऐकू येतो. इंजिन तापल्यावर तेल पातळ होत असल्याने तो थांबण्याऐवजी बहुधा अधिक स्पष्ट होतो.

एक्झॉस्टची गळती : मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून वायू निसटल्यास टॅपेटसारखी टकटक होते. धातू प्रसरण पावून फट बुजल्यावर ती बंद होते.

निदान

गाडी सपाट जागी रात्रभर उभी ठेवून सकाळी सुरू करण्यापूर्वी डिपस्टिकने तेलाची पातळी पाहिली जाते. त्यानंतर आवाजाचा कालावधी मोजला जातो. दोन-तीन सेकंदांत थांबणारा आवाज तेल पोहोचण्यातील विलंब सुचवतो, तर काही मिनिटांत विरणारा आवाज पिस्टन किंवा एक्झॉस्टकडे बोट दाखवतो. न विरणारा जड ठोका बेअरिंगची शंका उत्पन्न करतो. चार टप्प्यांच्या इंजिनात झडपांचा आवाज क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने येतो. आवाजाची जागा शोधण्यासाठी कारागीर स्टेथोस्कोप वापरतात. तेलाचा प्रत्यक्ष दाब दाबमापकाने मोजला जातो. काढलेल्या तेलातील धातूचे कण झिजेचा पुरावा ठरतात.

भद्रावती परिसरातील संदर्भ

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, तर डिसेंबर-जानेवारीतील रात्री तो १० अंशांच्या जवळ उतरतो. २०डब्ल्यू-४० श्रेणीच्या तेलाची थंड अवस्थेतील चाचणी उणे १५ अंशांना होते. त्यामुळे येथील थंडीत तेल गोठत नाही; मात्र तापलेल्या इंजिनातील तेलापेक्षा ते कित्येक पटींनी घट्ट असते. केवळ हिवाळ्याला दोष देऊन कायम टिकणाऱ्या ठोक्याकडे दुर्लक्ष करणे म्हणूनच धोक्याचे ठरते. परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. धुळीच्या मार्गावर नियमित धावणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर लवकर बदलावा लागतो, कारण आत शिरलेली धूळ पिस्टन व सिलिंडरची झीज वाढवते.

उपाय

उत्पादकाच्या पुस्तिकेतील श्रेणीचे तेल आणि परतरोधक झडप असलेला योग्य फिल्टर वापरणे हा पहिला उपाय होय. आवाज दडपण्यासाठी अधिक घट्ट तेल भरल्यास थंड अवस्थेत ते पोहोचण्यास आणखी उशीर होतो. इंजिन सुरू होताच अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबू नये. सुरुवातीचे अंतर मंद गतीने कापावे. ठोक्यासह तेलाच्या दाबाचा लाल दिवा पेटलेला राहिल्यास इंजिन तत्काळ बंद करून गाडी ओढून न्यावी. अशा स्थितीत थोडे अंतर चालवल्यानेही बेअरिंग जळून क्रँकशाफ्ट खराब होऊ शकतो.