हळदीचा दावा आणि दाहाची कळ

हळदीचा दावा आपण जिंकलो, हे सर्वांस ठाऊक आहे. १९९५ साली अमेरिकेत जखमेवरील हळदीच्या उपयोगाचे पेटंट दिले गेले. हिंजवडीहून जवळच्याच पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. त्या संस्थेने जुने ग्रंथ पुढे ठेवून १९९७ साली ते रद्द करविले.

पण हळदीने दाह शमतो कसा, हे त्या ग्रंथांत नव्हते. पेशीत दाह चेतविणाऱ्या प्रथिनाला दुसरे प्रथिन जखडून ठेवते. एक विकर, म्हणजे एन्झाइम, या पहारेकऱ्यावर फॉस्फेट चिकटविते. पहारेकरी नष्ट होतो, दाह पेटतो. हळदीतील कर्क्युमिन हे चिकटणेच अडविते, असे सिंग व अगरवाल यांनी पेशींवर दाखविले, तेही १९९५ सालीच, पण ह्यूस्टनला. याची आम्हांस रुखरुख वाटते. अर्थात पोटात घेतलेले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते.