शाळेच्या मैदानावरचे गुरू

हिंजवडी हे एके काळी शेतीवाडीचे गाव. आज तेथे माहिती-तंत्रज्ञानाच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. मुळेपलीकडे, बालेवाडीला, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेले शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. ते भव्य संकुल पाहून कित्येक पालकांना वाटते की, खेळाडू अशाच ठिकाणी घडतात. इतिहास मात्र आम्हांला निराळे सांगतो.

रमाकांत आचरेकर स्टेट बँकेत नोकरीला होते. खेळाडू म्हणून त्यांच्या वाट्याला प्रथम श्रेणीचा अवघा एकच सामना आला. १९६३-६४ च्या हंगामात स्टेट बँकेच्या संघाकडून ते हैदराबादविरुद्ध खेळले. एवढ्यावर एखादा खचला असता. सरांनी शिवाजी पार्कची माती आणि शारदाश्रम विद्यामंदिराची मुले आपली मानली. चंद्रकांत पंडित, प्रवीण अमरे, विनोद कांबळी, सचिन तेंडुलकर, अजित आगरकर हे सारे त्यांच्या हाताखालून गेले. वांद्र्याच्या शाळेतून सचिनला शारदाश्रमात आणण्याचा सल्ला त्यांचाच. एका मैदानावर बाद झालेल्या सचिनला स्कूटरवर मागे बसवून ते दुसऱ्या मैदानावर फलंदाजीला नेत. सरावात यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत. बाद करील त्या गोलंदाजाचे, नाबाद राहिल्यास सचिनचे.

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा उपांत्य सामना झाला. समोर आपल्या येशूसंघीय धर्मगुरूंची सेंट झेवियर्स शाळा होती. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, भागीदारी अभंग ६६४. हा विक्रम २००६ साली हैदराबादेतील शाळकरी मुलांनी मोडला. त्या दिवशी सर मैदानावर नव्हते. कांबळीने आणखी एका धावेसाठी विनवणी केली, तरी सरांनी डाव घोषित करायला लावला, असे सांगतात. शिष्याच्या विक्रमापेक्षा सामना मोठा, हा त्यातला धडा आम्हांला मोलाचा वाटतो.

त्या दिवशी झेवियर्सच्या ज्या मुलांनी बेदम मार खाल्ला, त्यांत साईराज बहुतुले होता. खेळ न सोडता तो २००१ साली भारताकडून कसोटी सामने खेळला. पराभूत मुलाला दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर यावेसे वाटणे, हेही शालेय क्रीडाशिक्षणाचेच फळ नव्हे काय?

परदेशातही असेच उदाहरण आढळते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे नामांकित बास्केटबॉलपटू जॉन वुडन १९३२ साली पदवी घेऊन केंटकीतील डेटन या छोट्या गावच्या शाळेत शिक्षक झाले. पहिल्याच हंगामात विजयांपेक्षा पराभव अधिक! पुढे साउथ बेंडच्या शाळेत त्यांनी नऊ वर्षे इंग्रजी आणि बास्केटबॉल दोन्ही शिकवले. नंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संघाला त्यांनी बारा वर्षांत दहा अजिंक्यपदे मिळवून दिली. वुडन शाळेतून विद्यापीठात गेले. आचरेकर सर मात्र मुलांतच राहिले. १९९० चा द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० ची पद्मश्री त्यांना तेथेच शोधत आली. २ जानेवारी २०१९ रोजी सर निवर्तले.

परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला दिला जातो आणि आपण पालक गप्प बसतो. पुढच्या पालकसभेत गुणपत्रिकेबरोबर त्या तासाचीही चौकशी करावी, आणि खेळाच्या शिक्षकांना नावाने ओळखावे, एवढीच आमची विनंती आहे.