चेस्टनटची झाडे कशी गेली : खोडाच्या सालीतील एका बुरशीचा इतिहास



“बोर्डो मारला, तरी झाड का वाळले?” अशी पत्रे पावसाळा संपला की कार्यक्रमाकडे येतात. विचारणारे बहुतेक संत्रा-मोसंबीचे बागाईतदार असतात. औषधाचे प्रमाण आणि वेळ आपण पुष्कळदा सांगितली आहे, म्हणून या पत्रकात उत्तरादाखल एक जुनी हकिकत देत आहोत. ती अमेरिकेतली आहे आणि पीकही आपल्या ओळखीचे नाही. पण जो बाहेरून कलमे आणून लावतो, त्याने ती माहीत करून घ्यावी.

चेस्टनट हा उंच वाढणारा वृक्ष. त्याचे फळ काटेरी बोंडात असते. बोंड पिकले की उकलते आणि आतून दोन-तीन तपकिरी, चकचकीत बिया निघतात. (शिंगाड्याला इंग्रजीत पाण्यातले चेस्टनट म्हणतात, पण त्याचे आणि याचे काही नाते नाही.) काजू-बदामात तेल भरपूर, यात तेल थोडे आणि पिष्ट जास्त. म्हणून या बिया भाजून खातात, दळून पीठही करतात. इटली आणि फ्रान्सच्या डोंगराळ भागात, जिथे गहू धड पिकत नाही, तिथे गरिबांचे पोट पिढ्यानपिढ्या याच पिठावर भरत आले.

अमेरिकेच्या पूर्वेकडे अ‍ॅपलाचियन डोंगररांगा आहेत. तिथे काही भागांत रुंद पानांच्या दर चार झाडांत एक झाड चेस्टनटचे असे. डोंगरातले लोक आपली डुकरे रानात सोडत, ती पडलेल्या बियांवर माजत. बिया पोत्यांत भरून नाताळच्या सुमारास रेल्वेने शहरांना जात, आणि त्या पैशातून मुलांचे बूट, साखर, मीठ घरात येई. लाकूड लवकर कुजत नसे, म्हणून कुंपणाचे खांब आणि रेल्वेचे स्लीपर त्याचेच. कातडे कमावण्याचा अर्कही त्यातूनच निघे. पेरणी नाही, खत नाही, फक्त वेचणी! असे हे पीक होते.

१९०४ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातले वनपाल हर्मन मर्केल यांना आवारातली काही चेस्टनटची झाडे वाळताना दिसली. सालीवर टाचणीच्या डोक्याएवढे नारिंगी ठिपके होते, आणि जिथे ते होते त्याच्या वरचा भाग मरत होता. त्यांनी फांद्या छाटल्या, बोर्डो मिश्रण फवारले. उपयोग झाला नाही. शेजारच्या वनस्पती उद्यानातले बुरशीतज्ज्ञ विल्यम मरिल यांनी तपासणी करून ही बुरशी नवीन असल्याचे सांगितले आणि १९०६ साली तिचे शास्त्रीय वर्णन छापले.

आता बोर्डो का चालला नाही, ते पाहा. ही बुरशी सालीला पडलेल्या चिरेतून किंवा जखमेतून आत शिरते. मग सालीखालच्या जिवंत थरात पिवळट पंख्यासारखी पसरत जाते. खोडाला तिचा पुरा वेढा पडला की मुळांकडे अन्न जाणे बंद होते आणि वरचे सगळे वाळते. बोर्डो हे दाराबाहेरच्या राखणदारासारखे औषध आहे. चोर घरात शिरल्यावर राखणदार बाहेर उभा करून काय उपयोग? तिचे बी, म्हणजे बीजाणू, पावसाच्या पाण्याने, वाऱ्याने, पक्ष्यांच्या पायांना आणि कुऱ्हाडीला चिकटून पुढच्या झाडावर जातात.

पेनसिल्व्हेनिया राज्याने १९११ साली कायदा करून या रोगासाठी खास आयोग नेमला आणि २ लाख ७५ हजार डॉलर मंजूर केले. माणसे रानोरान फिरली, रोगट झाडे तोडली, साल जाळली. पण डोळ्यांना रोग दिसायच्या आधीच तो पुढच्या झाडात पोचलेला असे. १९१३ मध्ये काम गुंडाळले. त्यानंतर “नाहीतरी मरणारच, तर लाकूड तरी पदरात पडेल” म्हणून मालकांनी धडधाकट झाडांवरही कुऱ्हाड चालवली. त्यांना दोष देववत नाही, पण रोगाला दाद न देणारी जी थोडी झाडे असतील तीही त्यात गेली असावीत, असे आजचे बरेच जाणकार मानतात. १९५० च्या सुमारास उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत मोठी झाडे जवळजवळ संपली. हा आकडा साडेतीनशे ते चारशे कोटींच्या घरात धरतात.

रोग आला कुठून? १९१३ साली फ्रँक मेयर यांनी हीच बुरशी चीनमध्ये शोधली, पुढे ती जपानमध्येही सापडली. तिथली चेस्टनटची जात हा रोग सोसते. तिला खरूज झाल्यासारखे डाग पडतात, झाड मरत नाही. अमेरिकेतल्या रोपवाटिका १८७६ पासून जपानी रोपे आणत होत्या. झाड आटोपशीर, बी मोठे, म्हणून टपालाने मागणी येई आणि रोपे गावोगाव जात. त्या रोपांबरोबर बुरशी गेली. रोप दिसायला निरोगी होते, हीच तर गोम! परदेशी रोपांच्या तपासणीचा कायदा अमेरिकेत १९१२ साली झाला, आपल्याकडे कीड-रोगांच्या आयातीवरचा कायदा १९१४ साली. डाळिंबावरचा तेल्या (तो जिवाणूचा, बुरशीचा नव्हे) गुटी कलमांबरोबर किती गावांत पोचला, हे सोलापूर-नाशिककडच्या बागाईतदारांना सांगायला नको.

१९३८ साली ही बुरशी इटलीत जिनोव्हाजवळ दिसली. आता युरोपही गेला असे सर्वांना वाटले. पण १९५० नंतर अँतोनियो बिराघी या शास्त्रज्ञाला काही झाडांच्या जखमा आपोआप भरून आलेल्या दिसल्या. फ्रान्समध्ये झाँ ग्रांत यांनी अशा जखमांतली बुरशी वेगळी काढली. ती नारिंगी नव्हती, पांढरट आणि अशक्त होती. ती रोगट जखमेच्या कडेला लावली की तिथली जोरकस बुरशीही अशक्त होई आणि झाड नवी साल भरून काढी. कारण पुढे उमगले: बुरशीलाच एक विषाणू लागलेला होता, आणि बुरशीला बुरशी भिडली की तो पसरत होता. या उपायाने आणि निसर्गाने आपोआपही तो विषाणू पसरल्याने युरोपातल्या पुष्कळ बागा वाचल्या. अमेरिकेत मात्र तो नीट पसरला नाही, कारण तिथे बुरशीचे प्रकार फार, आणि वेगवेगळे प्रकार एकमेकांत सहजी मिसळत नाहीत.

आणखी एक गंमत पाहा. अमेरिकेतल्या झाडांची मुळे मेली नाहीत. मातीतले इतर सूक्ष्म जीव या बुरशीला वाढू देत नाहीत, म्हणून बुंध्यातून आजही धुमारे फुटतात. मनगटाएवढे जाड झाले की पुन्हा रोग धरतात. हे पाहून खोडावरच्या जखमेला ओल्या मातीचा लेप देऊन वरून प्लास्टिक गुंडाळायची युक्ती निघाली, आणि जखमा भरल्या. अर्थात रानातल्या प्रत्येक झाडाला लेप कोण देणार? चिनी जातीशी संकर करण्याचे आणि गव्हातला एक जनुक घालण्याचे काम तिकडे अजून चालू आहे.

पण बंधूंनो, हा मातीचा लेप वाचून कोणी संत्र्याच्या डिंक्यावर माती थापू नका! चेस्टनटला दुसराही एक रोग आहे. त्यात मुळाजवळून शाईसारखा काळा रस झिरपतो. त्याचे कारण फायटोफ्थोरा, आणि आपला डिंक्या त्याच घराण्यातला. हा मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. तिथे माती औषध होती, इथे मातीच रोगाचे घर आहे. म्हणून बुंध्याला माती चढवू नये, पाणी खोडाला लागू देऊ नये, त्यासाठी दुहेरी आळे करावे. डिंक निघत असेल तिथली सडकी साल धारदार चाकूने खरवडून काढावी आणि ती बागेत न टाकता जाळावी. नंतर १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी या प्रमाणात बोर्डो मलम करून जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत खोडाला लावावे. एकदा पावसाळ्याआधी, एकदा नंतर. नवी कलमे घेताना खुंट रंगपूर लिंबाचा आहे का ते विचारावे, आणि डोळा जमिनीपासून निदान वीतभर वर बांधलेला आहे का, हे स्वतः वाकून पाहावे.